पावसाळ्याआधी घराची आणि पाळीव जनावरांची तयारी: गोव्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी मार्गदर्शक

गोव्यातील जुन्या घरांत मे महिना तयारीचाच असतो. कौलांची शाकारणी होते, जळाऊ लाकडे पडवीत रचली जातात आणि सुके मासे, भिंडाची सोले (आमसुले), मिरच्या, गूळ, उकडे तांदूळ असे पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवले जाते. पोटाची सोय आम्ही पिढ्यान्‌पिढ्या नीट करत आलो आहोत. मात्र घर तासाभरात सोडावे लागले तर कागदपत्रे कुठे असतील, कुत्र्याला कोण धरील आणि मांजर कुठल्या पिशवीतून नेता येईल, याचा विचार फार थोड्या घरांत झालेला दिसतो. हा लेख गोव्यात नव्याने घर घेतलेल्यांसाठी किंवा पहिल्यांदाच जनावर पाळणाऱ्यांसाठी आहे. डिचोली तालुक्यात नदीपासून जवळ राहिल्यामुळे जे करावे लागले आणि जे शेजाऱ्यांकडून शिकता आले, ते क्रमाने मांडत आहे. माझे मत आधीच सांगतो: संकटाच्या वेळी सर्वांत जास्त वेळ जनावर पकडण्यातच जातो, म्हणून खरी तयारी सामानाची नसून जनावराच्या सवयीची असते.

१. आपल्या घराला नेमका कोणता धोका आहे ते ओळखा

गोवा लहान असला तरी धोका प्रत्येक वाड्यागणिक बदलतो. म्हादई, वाळवंटी आणि डिचोली नद्यांच्या काठची गावे पुराच्या छायेत असतात. जुलै २०२१ मध्ये सत्तरी, डिचोली, फोंडा आणि बार्देशच्या काही भागांत जो पूर आला, त्याला तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर म्हटले होते. त्यात शेकडो घरांचे नुकसान झाले आणि मातीच्या भिंतींची घरे सर्वांत आधी कोसळली. साळ, इब्रामपूर, हणखणे या गावांना आपल्याकडे पडणाऱ्या पावसाइतकीच तिळारी धरणातून सोडल्या जाणाऱ्या पाण्याची चिंता असते, तर साखळीकरांना अंजुणे धरणाकडे लक्ष ठेवावे लागते. चोडण, दिवाडी, जुवे यांसारख्या बेटांवर खाजन शेतीचा (खाडीकाठच्या सखल शेतीचा) बांध फुटला किंवा मानस, म्हणजे बांधातील पाणी अडवणारे दार, नादुरुस्त झाली तर खारे पाणी आत शिरते. पणजीच्या सखल भागात मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाणी ओसरायला जागाच उरत नाही, म्हणून अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या दिवसांत भरतीच्या वेळा पाहून ठेवाव्यात.

टेकडी कापून बांधलेल्या घरांना दरडीचा आणि संरक्षक भिंत ढासळण्याचा धोका असतो. माडांच्या बागेतील घराला वाऱ्याची भीती असते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे घरांवर आणि वीजवाहिन्यांवर पडली आणि अनेक गावे बराच काळ अंधारात राहिली. पाऊस संपला असे वाटल्यानंतरही निर्धास्त राहू नये. २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोणात अचानक आलेल्या पुराने घरे आणि गुरे दोन्ही गेली.

तुमच्या घराचा इतिहास दलालाला विचारू नका. समोरच्या पोसरकाराला (दुकानदाराला), मासळीवालीला किंवा वाड्यावरच्या एखाद्या वयस्कर काकींना विचारा की २०२१ मध्ये पाणी कुठवर आले होते. भिंतीवर बोट ठेवून दाखवणारा माणूस भेटेपर्यंत विचारत राहावे. ती खूण तुमच्या घरातील विजेच्या बोर्डाच्या वर येत असेल, तर पुढचे सगळे टप्पे तुमच्यासाठी सक्तीचे आहेत असे समजा.

२. जायचे कुठे आणि कोणी कोणाला न्यायचे ते ठरवा

शासन पूरग्रस्तांसाठी शाळा, समाजगृहे किंवा पंचायत सभागृहे उघडते. तिथे माणसांना जागा मिळते. कुत्र्या-मांजरांना मिळेलच असे गृहीत धरू नये, आणि मिळाली तरी अनोळखी शंभर माणसांत घाबरलेला कुत्रा शांत राहील याची खात्री देता येत नाही. त्यामुळे जनावरांसह राहता येईल अशी किमान दोन ठिकाणे आधीच ठरवून ठेवावीत: एक आपल्याच गावात पण उंचावर, आणि दुसरे दुसऱ्या तालुक्यात, नदीच्या पलीकडे न जाता पोहोचता येईल असे. पूल किंवा फेरीबोट बंद झाली की पलीकडचा सख्खा भाऊसुद्धा उपयोगाचा राहत नाही. त्या घरच्या माणसांशी स्पष्ट बोलून घ्यावे, कारण 'या की, त्यात काय' असे म्हणणाऱ्या मावशींना दोन मांजरांची आणि एका जर्मन शेफर्डची कल्पना असतेच असे नाही.

घरातील प्रत्येक माणसाकडे एक जनावर आणि एक वस्तू सोपवावी. आजोबांकडे कागदपत्रांची पिशवी, मुलीकडे मांजर, तुमच्याकडे कुत्रा. 'सगळे मिळून सगळे नेऊ' अशा घरात हमखास काहीतरी मागे राहते.

एक परिस्थिती विसरली जाते, ती चवथीची. गणेशचतुर्थीला निम्मी पणजी आपापल्या मूळ गावी जाते आणि फ्लॅटमध्ये मांजर तीन-चार दिवसांच्या खाण्यासह एकटे राहते. भाद्रपदात पाऊस संपलेला नसतो. शेजाऱ्याकडे किल्ली, जनावर कुठे लपते याची माहिती आणि त्याला उचलण्याची लेखी परवानगी नसेल, तर असे मांजर बंद दाराआड अडकते. शेजारीही गावी जाणार असतील तर जनावर सोबत न्यावे. दुसरा सुरक्षित मार्ग मला दिसत नाही.

३. कागदपत्रे एकत्र करा

खालील कागद पाणी न शिरणाऱ्या झिपच्या पिशवीत ठेवावेत आणि त्यांची छायाचित्रे फोनमध्ये, तसेच गोव्याबाहेरच्या एका नातेवाइकाकडे पाठवून ठेवावीत:

- आधार, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक
- घराचे दस्तऐवज: विक्रीखत किंवा भाडेकरार, एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा), घरपट्टीची आणि वीज-पाण्याच्या बिलाची प्रत
- घराचा आणि वाहनाचा विमा
- घरातील रुग्णांची औषधचिठ्ठी आणि किमान आठवड्याची औषधे
- जनावराचे लसीकरण पुस्तक, त्यात रेबीजच्या लसीची तारीख आणि पशुवैद्याचा शिक्का
- पालिका किंवा पंचायतीकडे कुत्र्याची नोंदणी केली असल्यास त्याची पावती, मायक्रोचिप असल्यास तिचा क्रमांक
- तुम्ही आणि जनावर एकत्र दिसता असे स्पष्ट छायाचित्र

शेवटची बाब लोकांना हास्यास्पद वाटते. पण हरवलेला तांबूस रंगाचा गावठी कुत्रा आपलाच आहे हे सिद्ध करण्याचा याहून सोपा पुरावा नाही; गोव्यात प्रत्येक वाड्यावर तसे चार कुत्रे असतात. छायाचित्रात कानाचा तुकडा, शेपटीचे पांढरे टोक अशी वेगळी खूण दिसली पाहिजे. गळपट्ट्यावर फोन क्रमांक कायम शाईने लिहावा आणि तो पट्टा घरातही काढू नये.

गुरे असतील तर त्यांच्या कानातील बारा अंकी बिल्ल्याचा क्रमांक लिहून ठेवावा. पुढे नुकसानभरपाईच्या वेळी हाच क्रमांक विचारला जातो.

४. जनावराला सवय लावा

हा टप्पा सर्वांत लांब आहे आणि तो जूनमध्ये सुरू करून चालत नाही.

मांजरासाठी वरून आणि समोरून दोन्हीकडून उघडणारी कडक प्लास्टिकची पेटी घ्यावी. पेटी माळ्यावर टाकून ठेवली आणि फक्त डॉक्टरांकडे जाताना काढली, तर मांजर तिला शत्रू मानते आणि ती दिसताच पलंगाखाली जाते. त्याऐवजी पेटी वर्षभर बैठकीत उघडी ठेवावी, आत जुनी चादर घालावी, आणि सुरुवातीला तिच्या दाराशी, मग आत खायला द्यावे. मांजर तिथे झोपू लागले की दार काही सेकंद लावून उघडावे, हळूहळू वेळ वाढवावा, आणि शेवटी पेटी उचलून अंगणात फेरी मारावी. घाईच्या वेळी पेटी नसेलच तर जाड कापडाची उशीची खोळ चालते; मांजराला आत घालून तोंड बांधावे, कापडातून त्याला श्वास घेता येतो. घरात दोन मांजरे असतील तर पेट्याही दोनच हव्यात, कारण एरवी एकाच पायपुसण्यावर झोपणारी मांजरे भीतीने एकमेकांना ओरबाडतात.

मांजर नेहमी कुठे लपते ते माहीत असू द्यावे. कौलारू घरात ते माळ्यावर वाशांच्या बेचक्यात जाते आणि तिथून त्याला काढणे अशक्यप्राय होते. म्हणून इशारा आल्याबरोबर माळ्याचे दार बंद करून मांजर एका लहान खोलीत ठेवावे.

कुत्र्याला तीन गोष्टी यायला हव्यात: बोलावल्यावर येणे, तोंडाला मुसके घालू देणे आणि अनोळखी माणसाने पट्टा धरला तरी चालणे. मुसक्याचा लोकांना राग येतो, पण अग्निशामक दलाचा जवान किंवा आपदा मित्र (प्रशिक्षित स्वयंसेवक) तुमच्या भुंकणाऱ्या कुत्र्याला होडीत घेईल की नाही, हे बऱ्याचदा मुसक्यावरच ठरते. त्यात गूळ-पोळीचा तुकडा ठेवून सवय लावली की कुत्रा स्वतःहून तोंड घालतो. गडगडाटाला घाबरणारा कुत्रा दार उघडे दिसताच पळतो. नरकासुराच्या रात्री (दिवाळीच्या आदल्या गोंगाटाच्या रात्री) तुमचा कुत्रा कसा वागतो ते आठवा, वादळात तो त्याहून वाईट वागेल असे धरून चाला.

खाण्याचीही सवय लागते, आणि इथे गोव्याची स्वतःची अडचण आहे. आमच्याकडचा कुत्रा शितां-नुस्त्यावर (भात-मासळीवर) वाढलेला असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, वीज गेली की फ्रीजमधले बांगडे टिकत नाहीत, आणि ज्याने कधी कोरडे खाद्य तोंडात घेतले नाही तो कुत्रा संकटाच्या दिवशी ते घेईल याची शाश्वती नाही. नवे खाद्य एकदम दिले तर जुलाब होतात. त्यामुळे सात ते दहा दिवसांत भातात थोडे-थोडे कोरडे खाद्य मिसळत जाऊन त्याची ओळख करून द्यावी आणि पुढे आठवड्यातून एकदा तरी ते देत राहावे.

लसी मेअखेर पूर्ण कराव्यात. रेबीजबरोबर कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिसची लसही असते. उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात पसरणारा हा रोग माणसांना आणि कुत्र्यांना दोघांनाही होतो. पशुसंवर्धन खात्याचे दवाखाने तालुक्यांत आहेत, तरी आपल्या जवळचा दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो आणि रात्री कोण येते ते आधीच विचारून घ्यावे.

५. उचलून निघता येईल अशी पिशवी भरा

माणसांसाठी दरडोई रोज किमान तीन ते चार लिटर पाणी धरून तीन दिवसांचा साठा, टॉर्च, पॉवर बँक, शिट्टी, सुटे पैसे, कोरडे खाणे, जलसंजीवनीची पाकिटे, सॅनिटरी पॅड आणि प्रथमोपचार एवढे पुरते. वीज नसली की यूपीआय चालत नाही, म्हणून लहान नोटा ठेवाव्यात.

जनावरांची पिशवी वेगळी करावी. कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला साधारण एक लिटरहून थोडे जास्त. उकाड्यात याहून अधिक. आठवड्याचे खाद्य, वाटी, जास्तीचा पट्टा, मुसके, जुनी वर्तमानपत्रे, मांजरासाठी वाळू आणि पसरट थाळी, गोचिडांचे औषध आणि चालू असलेल्या गोळ्या घ्याव्यात. आमच्या हवेत उघडे खाद्य काही दिवसांत बुरशी धरते आणि ती बुरशी जनावराच्या यकृतासाठी घातक असते. खाद्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरावे आणि दर दीड-दोन महिन्यांनी वापरून नवे घालावे.

औषधांबाबत एक कडक सूचना: माणसांची वेदनाशामके जनावरांना देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, आणि आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडाला इजा होते.

६. गुरे, शेळ्या आणि कोंबड्या

गोठ्यात बांधलेली गाय पुरात दाव्यामुळे बुडते. पाणी वाढण्याची चिन्हे दिसताच दावी सोडावीत आणि गुरे उंचावर हाकावीत. रात्रीचा इशारा असेल तर संध्याकाळीच हलवावीत, कारण अंधारात, पावसात गुरे पुढे सरकत नाहीत. गाठ ओल्या दोरीची सुटत नाही, म्हणून गोठ्याच्या खांबाला एक कोयता अडकवून ठेवण्याची सत्तरीतील पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. कोंबड्यांसाठी झाकणाचे टोपले किंवा भोके पाडलेला खोका पुरतो. गवताचा आणि पेंडेचा थोडा साठा घराच्या उंच भागात हलवावा.

७. इशारा आल्यावर

हवामान खाते पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत इशारे देते. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढचा पाऊस 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.५ पासून पुढचा 'अत्यंत जोरदार' मानला जातो. नारिंगी रंग दिसला की वाट पाहू नये: वाहनात इंधन भरावे, फोन चार्ज करावे, मांजर आत घ्यावे, कुत्र्याला एकटे बाहेर सोडू नये. आपल्या तालुक्यात ऊन असले तरी घाटात पाऊस असतो आणि नदी तिथून येते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे 'सचेत' आणि विजांसाठीचे 'दामिनी' ही दोन्ही ॲप्स फोनवर असावीत. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमधील विजा आमच्याकडे जीवघेण्या ठरतात.

फोनमध्ये आणि फ्रीजच्या दारावर कागदावर हे क्रमांक लिहावेत: ११२ सर्व आपत्कालीन मदतीसाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी, १०१ अग्निशामक दलासाठी, १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी, १९१२ वीज खात्यासाठी. यांच्याखाली आपल्या पंचाचा, तलाठ्याचा आणि पशुवैद्याचा क्रमांक.

८. घर सोडताना

आधी विजेचा मुख्य स्विच, मग गॅसचा रेग्युलेटर, मग पाण्याचा नळ. पाणी अंगणात शिरल्यावर ओल्या हाताने स्विचबोर्डाला हात लावू नये. तशी वेळ आली असेल तर स्विच तसाच ठेवून बाहेर पडावे. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर असते आणि मुख्य स्विच बंद केला तरी तिच्यातून प्रवाह चालू राहतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ती मेमध्येच चिऱ्यांच्या ओट्यावर उचलून ठेवावी.

जनावरे मागे ठेवू नयेत. काही तासांत परत येऊ असे वाटते, पण रस्ता बंद होतो. नेणे खरोखरच अशक्य झाले तर कुत्र्याला बांधून किंवा पिंजऱ्यात ठेवू नये. सर्वांत उंच खोलीत मोकळे ठेवून भरपूर पाणी आणि खाणे ठेवावे आणि दारावर ठळक अक्षरांत 'आत एक कुत्रा, दोन मांजरे' असे लिहून खाली फोन क्रमांक द्यावा. नंतर जनावरे तिथून नेल्यावर ते पुसायला विसरू नये, नाहीतर बचावपथक रिकाम्या घरात वेळ घालवते.

वाहत्या पाण्यातून दुचाकी नेऊ नये आणि कुत्र्याला पट्ट्याने ओढत पाण्यातून चालवू नये.

९. परतल्यावर

प्रथम छायाचित्रे, मग सफाई. पंचनामा होण्यापूर्वी चिखल धुतला की नुकसान दाखवता येत नाही. तलाठी आणि मामलेदार कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. दुभते किंवा ओढकामाचे जनावर दगावले असेल तर पशुवैद्याचा दाखला लागतो, म्हणून विल्हेवाट लावण्याआधी त्यांना कळवावे. आपत्ती निधीतील मदत अशा जनावरांसाठी असते, घरातल्या कुत्र्या-मांजरांसाठी नाही.

पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीचे पाणी तसेच वापरू नये, जनावरांनाही देऊ नये. आरोग्य केंद्राकडून निर्जंतुकीकरण करून घ्यावे. स्वतः करायचे झाल्यास साधारण दर हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर हे प्रमाण असते, पण गढूळ पाण्यात ते पुरत नाही, म्हणून विहीर आधी उपसावी. तोवर पाणी उकळून प्यावे.

घरात शिरताना काठीने ठोकत जावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे पाण्यामुळे कोरड्या कोपऱ्यात, रचलेल्या लाकडांत आणि बुटांत आसरा घेतात. दंश झाल्यास दोरीने आवळू नये, कापू नये, तो भाग शक्य तितका स्थिर ठेवून थेट बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा इस्पितळात न्यावे. अनोळखी कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी.

कुत्र्याला आणि मांजराला पहिले काही दिवस एकटे बाहेर सोडू नये, कारण ओळखीचे वास धुऊन गेल्यामुळे त्यांना घरचा रस्ता सापडत नाही. अंगावरचा चिखल कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. पुढचे तीन-चार आठवडे ताप, उलट्या, न खाणे, डोळ्यांत पिवळेपणा किंवा गडद लघवी दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे आणि जनावर पुराच्या पाण्यात गेले होते हे पहिल्याच वाक्यात सांगावे; घरातल्या कुणाला ताप आला तर आपल्या डॉक्टरांनाही तेच सांगावे.